परत बोलाविलेली मोटार

वेरूळच्या लेण्यांपुढे किंवा घृष्णेश्वराच्या देवळापाशी घटकाभर उभे राहिले, तर तऱ्हेतऱ्हेच्या मोटारी डोळ्यांपुढून जातात. त्यांत नव्या कोऱ्या थोड्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या पुष्कळ. प्रवाशांची ने-आण करून पोट भरणाऱ्यास नवी गाडी झेपत नाही. तो जुनी शोधतो, आणि घाटातून माणसे व सामान ओढावयाचे असल्यामुळे जुन्यांतही डिझेलची शोधतो. अशा गिऱ्हाइकाची पारख बहुधा चोख असते. तो टायरांची झीज पाहतो, दार आपटून आवाज ऐकतो, पायाखालचे कापड उचलून गंज शोधतो, आणि मालक नको म्हणत असताना इंजिनाखाली वाकून तेलाचा थेंब गळतो की काय ते पाहतो. परंतु एक शंका अशी आहे, की तिचे निरसन डोळे, कान किंवा नाक यांपैकी कोणाच्याही साक्षीने होत नाही. धुरातील दोषापायी कारखान्याने ज्या मोटारी परत बोलाविल्या, त्यांतलीच तर ही नव्हे ना? आणि असली, तर घ्यावी की सोडावी?

ही शंका या जिल्ह्यास परकी नाही. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस, जालन्याच्या वाटेवर शेंद्रा येथे २००१ साली स्कोडा कंपनीने मोटारींची जुळणी सुरू केली, तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते. पुढे त्याच उद्योगसमूहाच्या फोक्सवॅगन आणि ऑडी या नावांच्या गाड्याही तेथे तयार होऊ लागल्या, आणि २००९ साली पुण्याजवळ चाकणास समूहाचा दुसरा, मोठा कारखाना उघडला. ज्या डिझेल इंजिनाने पुढे जगभर खळबळ उडविली, ते ‘ईए १८९’ नावाचे इंजिन या दोन्ही कारखान्यांतून बाहेर पडलेल्या अनेक गाड्यांत बसविलेले होते.

प्रकरणाचा उगम अमेरिकेत झाला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी काही डिझेल मोटारींच्या मागे मापनयंत्रे बांधून त्या खऱ्याखुऱ्या रस्त्यावरून हाकल्या, आणि प्रयोगशाळेत सोवळ्यात वागणारी गाडी रस्त्यावर आल्यावर मर्यादेच्या कितीतरी पट अधिक विषारी वायू सोडते, असे २०१४ साली प्रसिद्ध केले. पुढे १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनवर उघड आरोप ठेविला. गाडीच्या गणकयंत्रात अशी आज्ञावली घातलेली होती, की चाचणी चालू आहे हे तिने ओळखावे, तेवढ्यापुरते इंजिन सौम्य करावे, आणि चाचणी संपताच पूर्ववत सोडून द्यावे. जगातील सुमारे एक कोटी दहा लक्ष मोटारी या कक्षेत येतात, हे कंपनीनेच मान्य केले. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने, म्हणजे ‘एआरएआय’ने, काही गाड्या रस्त्यावर तपासल्या, आणि त्यांचा धूर मर्यादेबाहेर असल्याचे आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने भारतातील ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगन १,९८,५००, स्कोडा ८८,७०० आणि ऑडी ३६,५०० होत्या, इंजिने १.२, १.५, १.६ आणि २.० लिटरची, विक्रीचा काळ २००८ ते नोव्हेंबर २०१५. कंपनीचे म्हणणे असे, की भारतातील नियम आपण मोडलेला नाही आणि हे काम आपण स्वेच्छेने करीत आहोत. त्या वेळी भारतातील चाचणी केवळ प्रयोगशाळेतच होत असे, रस्त्यावर होत नसे. म्हणून हे म्हणणे शब्दशः खोडून काढणे सोपे नव्हते. शब्दशः, एवढेच.

आता दोष नेमका कशात आहे तो पाहू. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. ज्वाळेची उष्णता दीड हजार अंशांच्या वर गेली, म्हणजे हवेत एरवी निमूटपणे असणारा नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात. ती फुप्फुसांना झोंबतात, दमेकऱ्यास त्रास देतात आणि उन्हात इतर वायूंशी मिसळून ओझोन उत्पन्न करतात. त्यांना आळा घालण्याचा एक प्रचलित उपाय असा, की बाहेर जाणाऱ्या धुराचा काही भाग एका झडपेतून पुन्हा इंजिनात फिरवावयाचा. ही झडप ‘ईजीआर’ या नावाने कोणत्याही गॅरेजमध्ये ठाऊक असते. फिरविलेल्या धुरात प्राणवायू कमी असल्यामुळे ज्वाळा मंदावते आणि नायट्रोजन शांत राहतो. परंतु ज्वाळा मंदावली, की काजळी वाढते. ती झडपेत आणि हवेच्या वाटेत साचते, आणि गाडीची ओढही थोडी ढिली पडते. एक दाबावे तर दुसरे डोके वर काढते. या ओढाताणीतून सुटण्याचा खर्चाचा मार्ग म्हणजे धूर धुऊन काढणारी अधिक यंत्रसामग्री बसविणे. स्वस्त मार्ग म्हणजे परीक्षकापुढे एक आणि रस्त्यावर दुसरे असे वागणे.

ही परीक्षाही समजून घेण्यासारखी आहे. गाडी फिरत्या रुळांवर उभी करून सुमारे वीस मिनिटे ठरीव वेगाने चालवीत, आणि भारतीय चाचणीत हा वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नसे. रूळ सपाट, वारा नाही, चढ नाही, सुकाणूही हलावयाचे नाही. याउलट दौलताबादच्या किल्ल्यावरून खुलताबादेस चढणारा घाट घ्यावा. गाडीत सात माणसे, टपावर सामान, पुढे उसाची ट्रॉली, आणि चालकाचा पाय सारखा दाबलेला. इंजिनावर भार पडतो, आतील उष्णता वाढते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे नेमकी अशाच वेळी मुबलक निघतात. म्हणजे ज्या घडीला बंधनाची खरी गरज, त्याच घडीला बंधन ढिले केलेले.

येथे खरेदीदाराचा सर्वांत मोठा गैरसमज दूर करावयास हवा. विकणारा पीयूसीचे प्रमाणपत्र पुढे करतो आणि म्हणतो, ‘धूर पास आहे.’ डिझेल गाडीच्या या तपासणीत गाडी उभी ठेवून, गिअर न घालता पाय दाबतात आणि धूर किती काळा आहे एवढेच मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत. या दोषाची गाडी सदोष असतानाही पीयूसी उत्तीर्ण होते आणि दुरुस्त झाल्यावरही होते. कागद दोन्ही वेळा सारखाच. मनुष्य धुराला भितो तो त्याच्या काळेपणामुळे, आणि तपासणीही त्या भीतीच्याच मापाने बेतलेली आहे.

मग ही गाडी घेणाऱ्याचे काय बिघडते? खरे उत्तर थोडे अडचणीचे आहे. दुरुस्ती न झालेल्या गाडीने मालकाचे फारसे काही बिघडत नाही. ती जोमाने चढते, डिझेलही बेताचे पिते. उपद्रव होतो तो तिच्या मागे चालणाऱ्यास, वाहनतळावरील पेरूवाल्यास, रस्त्याकाठच्या शाळेतील मुलांस. म्हणूनच कित्येक मालकांस वाटले, की आपली गाडी छान चालली आहे, तर कशाला न्यावी? नव्या आज्ञावलीने ओढ जाईल, खर्च वाढेल, झडप तुंबेल, ही धास्ती तर जगभर होती. कंपनीचे सांगणे असे, की दुरुस्तीने इंधनाचा खर्च किंवा शक्ती बदलत नाही; युरोपातील अनेक मालकांच्या तक्रारी मात्र निराळे सांगत राहिल्या, आणि त्यांत ईजीआर झडपेचे नाव वारंवार येई. तेथे १.६ लिटरच्या इंजिनात आज्ञावलीबरोबर हवेच्या नळीत एक जाळीदार तुकडाही बसविला गेला.

या वादाचा निकाल काही असो. जुनी गाडी घेणाऱ्याने दुरुस्त झालेलीच गाडी पसंत करणे शहाणपणाचे. तिची दुरुस्ती होऊन काही वर्षे आणि काही हजार किलोमीटर गेले असतील, तर जे तुंबावयाचे ते एव्हाना तुंबून साफ झालेले असते आणि त्याची नोंद सर्व्हिसच्या कागदांत सापडते. न झालेली गाडी स्वस्त मिळाली, तरी ती अधिकृत दुकानात नेऊन काम करवून घेणे आणि नंतर झडपेकडे लक्ष देणे हा खर्च किमतीत धरावा. तिसरा प्रकार मात्र सोडूनच द्यावा. काही गॅरेजवाले ‘ईजीआर बंद करून देतो, गाडी पळेल’ असे सांगून झडपेवर पत्रा ठोकतात. असा पत्रा आढळला, तर त्या मालकाने आणखी काय काय बंद केले असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

लेण्यांच्या वाटेवरील टॅक्सीवाल्यांस याहून जवळचे उदाहरण टॅव्हेराचे. जनरल मोटर्सने जुलै २०१३ मध्ये २००५ पासून विकलेल्या सुमारे १,१४,००० शेव्हरोले टॅव्हेरा धुराच्या कारणानेच परत बोलाविल्या. तपासणीकरिता निवडक इंजिने पुढे करण्यात आल्याचे उघडकीस आले आणि कंपनीने आपल्या काही अधिकाऱ्यांस काढून टाकले. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्रीच थांबविली. आज टॅव्हेरा घेणाऱ्यास परत बोलावण्यापेक्षा सुटे भाग कोठे मिळतील हीच चिंता मोठी.

कायद्याने मालकास किती आधार दिला? त्या दोन्ही वेळी सरकारला गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम सोडण्याची स्पष्ट सत्ता नव्हती. ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. राष्ट्रीय हरित लवादाने ७ मार्च २०१९ रोजी फोक्सवॅगनला ५०० कोटी रुपये दंड ठोठावला. त्याच्या वसुलीसाठी सक्ती करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात मनाई केली. हा दंड पर्यावरणाच्या हानीबद्दलचा होता, गाडीच्या मालकाच्या खिशाशी त्याचा संबंध नव्हता. नियमांतील मर्यादा मात्र खूपच आवळली गेली आहे. डिझेल मोटारीस भारत स्टेज चारमध्ये किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे माफ होती; १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सहाव्या टप्प्यात ती ०.०८ ग्रॅमवर आली.

वयाचाही हिशेब आहे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. २०१२ ची गाडी आज घेतली, तर तिची मुदत २०२७ मध्ये सरते. पुढे तपासणी, नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. दिल्लीकडून आलेली गाडी फार स्वस्त दिसली, तर त्याचे कारण बहुधा तेथील जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांत असते. तिला मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हवाच, आणि येथील कर निराळा भरावा लागतो.

सौदा ठरण्यापूर्वी दोन कामे करावी. पहिले, नोंदणीपुस्तकातील सतरा अक्षरांचा चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि तोच क्रमांक अधिकृत दुकानात देऊन विचारावे, की या गाडीचे परत बोलाविण्याचे काम झाले आहे काय, झाले असल्यास कोणत्या तारखेस. उत्तर तोंडी न घेता कागदावर घ्यावे. दुसरे, गाडी भरून वेरुळाहून खुलताबादेचा घाट चढवून पाहावी. चढावर मध्येच ओढ तुटली, इंजिनाचा दिवा लागला किंवा काळा लोट निघाला, तर झडपेची किंवा हवेच्या वाटेची तक्रार समजावी आणि तिच्या खर्चाचा अंदाज दुसऱ्या कारागिराकडून घ्यावा. आगाऊ रक्कम हाती पडण्यापूर्वी चासी क्रमांक देण्यास जो मालक कां-कूं करील, त्याच्याकडे फॉर्म २९ आणि ३० वर सही मागण्याची वेळच येऊ देऊ नये.