डेटाबेसचा वैद्य निवडताना



ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शाहूपुरीतील माझ्या चिकित्सालयाच्या तळमजल्यात पाणी शिरले. औषधे माळ्यावर हलविली; संगणक मात्र पाण्यात गेला. रुग्णनोंदींची प्रत रोज रात्री आपोआप निघते, असे देखभाल करणारे गृहस्थ सांगत. ती निघतही होती. परंतु त्याच टेबलाच्या खणातील डिस्कवर! पूर ओसरल्यावर आमवाताच्या एक वृद्ध रुग्णा आल्या. पूर्वी एका गुग्गुळकल्पाने त्यांच्या अंगावर पित्त उठले होते. तो कल्प कोणता, हे त्यांना आठवेना, मलाही आठवेना आणि नोंद तर उरलीच नव्हती. अखेर गुग्गुळाचा एकही कल्प न देता चिकित्सा करावी लागली.

आमच्या सॉफ्टवेअरच्या मुळाशी पोस्टग्रेसक्यूएल हा मुक्तस्रोत डेटाबेस, म्हणजे नोंदींचे कोठार होते. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याचा पाया घातला गेला. आजचे नाव १९९६ पासूनचे. त्याला परवाना शुल्क नाही आणि कोणी एक मालकही नाही. म्हणूनच अडचणीच्या वेळी दूरध्वनी उचलण्यास कोणी बांधील नसतो. वनौषधी रानात विनामूल्य मिळते, पण ती ओळखणारा लागतो. तसेच हे आहे.

हा जाणकार कसा निवडावा? चरकाचार्यांनी सूत्रस्थानात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत. तीच कसोटी मला येथे उपयोगी पडली.

१) शास्त्रज्ञान : आपली आवृत्ती कोणती व तिची मुदत केव्हा संपते, हे त्यास विचारावे. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. ज्यास हे ठाऊक नाही, त्याच्या हाती नोंदी सोपवू नयेत.

२) दृष्टकर्मता : "बॅकअप घेतो" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कालची प्रत आपल्यासमोर दुसऱ्या संगणकावर उतरवून दहा रुग्णांच्या नोंदी उघडून दाखवावयास सांगावे. प्रत रात्री निघत असेल आणि संगणक सायंकाळी बिघडला, तर दिवसभराच्या नोंदी जातात. त्या वाचविण्यासाठी डेटाबेसमधील बदलांची स्वतंत्र नोंदवही सतत अन्यत्र साठविता येते. ही सोय तो करील काय, हे आधीच ठरवावे.

३) दाक्ष्य : किती तासांत उत्तर आणि किती तासांत दुरुस्तीचा आरंभ, या दोन भिन्न गोष्टी आहेत. करारात दोन्ही लिहून घ्याव्यात. रविवारी कोण येणार? तो स्वतः आजारी असता कोण? पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचे कार्यालय पुण्यात आहे. मोठ्या रुग्णालयास अशा कंपनीचा आधार घेता येईल. लहान चिकित्सालयास स्थानिक जाणकार पुरेसा होतो. मात्र त्याला न उलगडणारा प्रश्न तो कोणाकडे नेणार, हे माहीत असावे.

४) शौच : रुग्णाची व्यथा आपण ज्या विश्वासाने ऐकतो, तो विश्वास त्यानेही पाळावयास हवा. गोपनीयतेची अट लेखी असावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या रक्षणाची जबाबदारी ती हाताळविणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच ठेवली आहे. मुख्य पासवर्ड मोहोरबंद पाकिटात आपल्या कपाटातही असावा. करार संपल्यावर सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हेही लिहून घ्यावे.

सर्वांत कमी दर सांगणारा नेहमी वाईट असतो असे नव्हे. परंतु वरील प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वी दराची चर्चा करू नये.

या कसोटीवर मी नवा जाणकार नेमला. नोंदींची एक प्रत गावाबाहेर जाऊ लागली आणि दर तीन महिन्यांनी ती उघडून पाहण्याचा नेम ठेवला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, पुन्हा संगणक भिजला. परंतु पाणी ओसरताच उसन्या लॅपटॉपवर सर्व नोंदी उघडल्या. २०१९ पूर्वीच्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच. त्या वृद्ध रुग्णा आल्या की गुग्गुळाच्या बरणीकडे जाणारा हात आजही आखडतो.

आपली शेवटची प्रत आपण स्वतः केव्हा उघडून पाहिली होती? हा अंक मिटण्यापूर्वी प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःस विचारावा, ही विनंती.