‘स्वतःचे धन’ कोणाचे? एसुकारिसुत्तातील एक विवेचन

धन, मोल, श्रम हे अर्थव्यवहारातील शब्द केवळ वस्तुस्थिती सांगतात, असा आपला समज असतो. परंतु याच शब्दांचा आधार घेऊन सत्ता कशी वावरते, याचे मार्मिक विवेचन मज्झिमनिकायातील एसुकारिसुत्तात (क्र. ९६) आढळते.

श्रावस्तीच्या जेतवनात एसुकारी ब्राह्मण भगवंतांना सांगतो की, ब्राह्मणांनी चार वर्णांची चार धने ठरविली आहेत : ब्राह्मणाचे भिक्षाचर्या, क्षत्रियाचे धनुष्य व भाता, वैश्याचे कृषी व गोरक्षण आणि शूद्राचे विळा व कावड. मूळ पालि शब्द ‘सन्धन’, म्हणजे स्वतःचे धन. विळा व कावड ही वस्तुतः राबण्याची साधने होत. पण त्यांनाच धन म्हटले की राबणाराही धनवंत ठरतो. शिवाय, जो हे धन अव्हेरील तो न दिलेले घेणाऱ्या राखणदारासारखा दोषी, असेही एसुकारी सांगतो. म्हणजे नेमून दिलेले काम सोडणे हीच चोरी! लादलेले कर्तव्य आणि स्वतःची मालमत्ता यांतील भेद एका शब्दाने पुसला जातो.

यावर भगवंत विचारतात, या व्यवस्थेस सर्व लोकांची संमती आहे काय? एसुकारी ‘नाही’ म्हणतो. मग भगवंत उपमा देतात : एखाद्या निर्धन माणसावर त्याची इच्छा नसताना मांसाचा तुकडा लादावा आणि ‘हे खा, शिवाय याचे मोलही दे’ असे म्हणावे, तसेच हे आहे. मनुष्याचे खरे स्वधन म्हणजे आर्य लोकोत्तर धम्म, असे ते पुढे प्रतिपादन करतात.

हा शब्दांचा खेळ प्राचीन काळापुरता राहिला नाही. ‘वतन’ या शब्दात मिळकत व मान सूचित होतो. परंतु महार वतनात तुटपुंज्या जमिनीच्या व बलुत्याच्या बदल्यात अवघ्या कुटुंबाला सरकारची व गावकीची कामे रात्रंदिवस करावी लागत. हा पाश तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातिव्यवस्था ही श्रमविभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे दाखवून दिले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

कायद्याने वतन गेले, तरी नवनव्या शब्दांत तेच ओझे पुन्हा ‘धन’ म्हणून पुढे येऊ शकते. अशा वेळी भगवंतांचा तो प्रश्न आपण विचारला पाहिजे : यास कोणाची संमती घेतली होती?