लहान जेट विमानाची परीक्षा

आकाशांतून विमान जात असतां मान वर करून पाहत नाहीं असा विद्यार्थी विरळा. कागदाचीं विमानें वर्गांत उडवून शिक्षा भोगलेले विद्यार्थीही आमच्या वाचकांत थोडे नसतील. कागदाचें विमान आणि खरें जेट विमान यांच्या दरम्यान एक मनोवेधक टप्पा आहे. तो म्हणजे खऱ्या टर्बाइन एंजिनानें उडणारें व जमिनीवर उभें राहून बिनतारी यंत्रानें चालवावयाचें लहान विमान. दिसावयास तें खेळणें वाटतें. पण त्याचें एंजिन, त्याचा वेग आणि त्यापासून होऊं शकणारा अपाय हीं तिन्ही खरीं असतात. असें विमान बांधावें कसें हें येथें आम्ही सांगणार नाहीं. बांधून तयार झालेलें विमान प्रथम हवेंत कसें न्यावें आणि त्याचे दोष एकामागून एक कसे दूर करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जेट एंजिनाचा इतिहास फार जुना नाहीं. इंग्लंडांत फ्रँक व्हिटल यांनीं १९३० सालीं आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला. जर्मनींत हान्स फॉन ओहाइन यांच्या एंजिनावर हाइंकेल १७८ हें विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजीं उडालें. आणि व्हिटल यांचें एंजिन बसविलेलें ग्लॉस्टर विमान १५ मे १९४१ रोजीं क्रॅनवेल येथें उडालें. त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, १९८३ सालीं, इंग्लंडांत प्रोपेन वायूवर चालणारें टर्बाइन लहान विमानांत बसवून उडविण्यांत आलें. पुढें जर्मनींतील कुर्ट श्रेकलिंग यांनीं हौशी कारागिरास घरीं करतां येईल असें एंजिन रचिलें. त्यांतील हवा दाबणारें चक्र प्लायवुडचें असून त्यास कार्बनच्या धाग्यांनीं बळकटी दिली होती. आतां अशीं एंजिनें तयारही मिळतात.

मध्यम आकाराचें एक एंजिन उदाहरणादाखल घेऊं. त्याचें वजन सुमारें सव्वा किलो, आणि रेटा १०० न्यूटन, म्हणजे सुमारें १० किलोचें ओझें तोलून धरण्याइतका. पुढच्या तोंडानें हवा आंत येते. पांच-सहा सेंटीमीटर व्यासाचें चक्र ती दाबून ज्वलनकक्षांत ढकलतें. तेथें रॉकेलच्या जातीचें इंधन जळतें. तापलेला वायु मागील टर्बाइनचक्रास फिरवीत नळींतून वेगानें बाहेर पडतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें जातें. दोन्ही चक्रें एकाच दांड्यावर असतात. पूर्ण जोरावर हा दांडा मिनिटाला सुमारें १,५०,००० फेरे करतो, म्हणजे सेकंदाला २,५००. त्या वेळीं चक्राची कड ध्वनीहूनही अधिक वेगानें धांवत असते. बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता ५०० ते ७०० अंश सेल्सियस असते. इंधनांत शेंकडा चार-पांच भाग तेल मिसळतात. त्यानेंच दांड्याच्या बेअरिंगांस वंगण मिळतें.

या एंजिनाचा एक स्वभाव आरंभींच ओळखून ठेवला पाहिजे. हुकूम दिल्याबरोबर तें धांवत नाहीं. मंद गतींतून पूर्ण जोरावर येण्यास त्यास चार-पांच सेकंद लागतात. उतरतांना विमानाचा वेग ताशीं ७२ किलोमीटर असेल, तर तें सेकंदाला २० मीटर जातें. म्हणजे चालकानें जोर मागितल्यापासून तो पूर्णपणें मिळेपर्यंत १०० मीटर अंतर संपलेलें असतें. उलट मंद गतींतही थोडा रेटा उरतोच. म्हणून विमान लवकर खालीं बसत नाहीं, तरंगत पुढें जातें. सारांश, या विमानाच्या चालकानें विचार नेहमीं पांच सेकंद आधीं करावा लागतो.

परीक्षेचा पहिला व मोठा भाग जमिनीवरच होतो. प्रथम गुरुत्वमध्य पाहावयाचा. विमान पंखाखालीं ठराविक जागीं दोन बोटांवर किंवा टेकूवर तोललें असतां नाक किंचित् खालीं झुकावें. ही तपासणी मुख्य टाकी रिकामी ठेवून करावी; कारण उतरतांना विमानाची स्थिति तीच असते. पूर्ण भरलेलें १२ किलोचें विमान घेतलें तर त्यांत ३ लिटर इंधनाचेंच वजन सुमारें २.४ किलो असतें. एवढें वजन उड्डाणांत नाहींसें होणार. म्हणून टाकी गुरुत्वमध्याच्या अगदीं जवळ असणें आवश्यक आहे. मुख्य टाकी व पंप यांच्यामध्यें एक छोटी टाकी असते. इंधनांतील हवेचे बुडबुडे तिनें अडवावयाचे. एक मोठा बुडबुडा एंजिनापर्यंत गेला कीं ज्योत विझते, आणि मग विमान दगडासारखें नसलें तरी जड पतंगासारखें खालीं येऊं लागतें.

नंतर विमान घट्ट बांधून एंजिन चालवावें. मंद गति, अर्धा जोर, पूर्ण जोर व पुन्हां मंद गति, असें अनेक वेळां करून पाहावें. नळ्यांत बुडबुडे दिसतात काय, फेऱ्यांचा व उष्णतेचा आंकडा स्थिर राहतो काय, शेपटीकडील भाग फार तापतो काय, हें सर्व टिपून घ्यावें. बिनतारी संदेश दूरवर पोंचतो कीं नाहीं हें एकदां एंजिन बंद ठेवून व एकदां तें चालू ठेवून पाहावें. संदेश तुटला असतां एंजिन आपोआप बंद पडेल अशी योजना असते. ती खरोखर काम करते कीं नाहीं हें संदेशयंत्र मुद्दाम बंद करून पाहिल्यावांचून विमान जमिनीवरून हलवूं नये. आग विझविण्याचें कार्बन डायऑक्साइडचें नळकांडें हाताशीं हवेंच. भुकटीच्या नळकांड्यानें आग विझते, पण एंजिनही निकामी होतें. मागील झोताच्या वाटेंत कोणींही उभें राहूं नये. एंजिन थांबविल्यावर त्यांतील लहान विजेची मोटर चक्र फिरवून थंड हवा ओढीत राहते. उष्णता १०० अंशांच्या खालीं येईपर्यंत तें काम थांबवूं नये.

जागा निवडतांना आपल्या सोयीपेक्षां इतरांची सुरक्षितता आधीं पाहावी. भारतांत २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें २५ किलोपर्यंतचीं नमुना-विमानें शिक्षण, संशोधन व मनोरंजन यांसाठीं नजरेच्या टप्प्यांत उडवितां येतात. पण कोणत्या भागांत उड्डाणास मोकळीक आहे व कोठें मनाई आहे हें नकाशावर पाहूनच निघावें. वस्ती, रस्ता व वाळलेलें गवत यांपासून दूर, लांब व सपाट धांवपट्टी असावी.

पहिल्या उड्डाणासाठीं वारा मंद व पट्टीच्या रेषेंत असलेला दिवस निवडावा. शेजारीं एक जाणता सोबती असावा. चालकाची नजर विमानावरून क्षणभरही हलतां कामा नये. वेळ मोजणें, इतर विमानांकडे लक्ष ठेवणें व ठरलेला क्रम मोठ्यानें वाचून दाखविणें हें सोबत्याचें काम. विमान उडाल्यावर सुमारें १०० मीटर उंचीवर न्यावें, जोर निम्मा करावा, आणि तें सरळ व सपाट जातें कीं नाहीं हें पाहावें. नाक खालीं जात असेल तर शेपटीवरील आडव्या हलत्या पट्टीला, म्हणजे एलेव्हेटरला, किंचित् वरचा कल द्यावा. एका अंगावर झुकत असेल तर पंखांच्या पट्ट्यांचा कल बदलावा. मग जोर वाढवून व कमी करून नाकाची दिशा बदलते काय हें पाहावें. त्यानंतर त्याच उंचीवर चाकें व फ्लॅप खालीं सोडून वेग हळूहळू कमी करावा. विमान कोणत्या वेगाला डगमगूं लागतें, सरळ खालीं बसतें कीं एक पंख टाकतें, हें वर असतांनाच कळलें पाहिजे. जमिनीपासून दोन मीटरांवर तें शिकण्यास वेळ मिळत नाहीं. पांच मिनिटांचा गजर वाजतांच विमान उतरवावें, मग तें कितीही उत्तम उडत असो. टाकींत उरलेलें इंधन मोजलें म्हणजे पुढच्या उड्डाणाची मुदत अनुमानानें नव्हे, मापानें ठरते.

येथून विमान बारकाईनें सुधारण्याचें काम सुरू होतें. विमान सपाट उडत असतां तें उलटें करावें. उलट्या स्थितींत सपाट राहण्यासाठीं कांडी थोडीशी पुढें दाबावी लागली तर गुरुत्वमध्य योग्य जागीं आहे. फार दाबावी लागली तर नाक जड आहे. मुळींच दाबावी लागली नाहीं तर शेपटी जड आहे असें समजावें. पट्ट्यांची हालचाल किती ठेवावी हा दुसरा प्रश्न. हवेचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. ताशीं ७२ किलोमीटरला जी पट्टी बेताचें काम करते, तीच ताशीं २८८ किलोमीटरला, वेग चौपट झाल्यामुळें, सोळापट जोरानें काम करते. म्हणून वेगवान उड्डाणासाठीं थोडी आणि उतरण्यासाठीं अधिक, अशा दोन मर्यादा ठरवाव्या लागतात. पूर्ण वेगाचें उड्डाण सर्वांत शेवटीं करावें. कोठें सांधा सैल असेल तर पट्टी थरथरूं लागते, आणि ती थरथर क्षणांत शेपटी तोडूं शकते. विमानाचा गुणगुणता आवाज कानीं येतांच जोर कमी करून उतरावें हेंच शहाणपण.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाहीं. दोन हिंवाळे खपून आम्हीं एक विमान उभें केलें. पहिल्या उड्डाणांत तें नाकाला जड वाटलें. उतरतांना कांडी पूर्ण मागें ओढावी लागली. त्याच संध्याकाळीं आम्हीं ३०० ग्रॅमची बॅटरी २० सेंटीमीटर मागें सरकविली. विमान १२ किलोचें. तेव्हां हिशेबानें गुरुत्वमध्य ५ मिलिमीटर मागें आला. एवढ्यावर थांबावयाचें होतें. परंतु उत्साहाच्या भरांत एलेव्हेटरची हालचालही १५ मिलिमीटरांवरून २० वर नेली. दुसऱ्या दिवशीं विमान हवेंत चांगलें वाटलें. पण उतरतांना नाक एकदम वर आलें, आम्हीं तें घाईनें खालीं दाबलें, पुन्हां तें वर आलें, आणि तिसऱ्या उडीला पुढचें चाक पट्टीवर आदळून त्याचा दांडा वांकला. विमान वांचलें, पण दोष बॅटरीचा कीं पट्टीचा, हें आमच्यांपैकीं कोणासही सांगतां येईना. प्रत्येकाचें मत निराळें, आणि कोणाजवळही पुरावा नाहीं!

शेवटीं दांडा दुरुस्त करून आम्हीं दोन्ही बदल मागें घेतले आणि फक्त बॅटरी पुन्हां सरकविली. विमान सरळ, सावकाश, चाकांवर अलगद उतरलें. पट्टीची हालचाल वाढविण्याची गरजच नव्हती. दोन महिने वाया जावे अशी आपत्ति केवळ सुदैवानें टळली होती. त्या दिवसापासून आम्हीं एक वही ठेविली आहे. तारीख, वारा, इंधन, गुरुत्वमध्याची जागा, केलेला बदल व आढळलेला परिणाम असे तिच्यांत रकाने आहेत. आणि ‘केलेला बदल’ या रकान्यांत एका उड्डाणासाठीं एकच ओळ लिहावयाची असा नियम आहे. वहींत पुष्कळ ओळी ‘परिणाम कांहीं नाहीं’ अशा आहेत. त्याही उपयोगी पडतात. कोणत्या वाटेनें पुन्हां जावयाचें नाहीं हें त्या सांगतात.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं थोड्यांसच असें विमान उडविण्याचा योग येईल. परंतु परीक्षा कोणालाच चुकलेली नाहीं. गणितांत गुण कमी पडले म्हणजे आपण अभ्यासाची वेळ, पुस्तक, शिकवणी आणि झोंप सर्व एकदम बदलतों, आणि पुढें गुण वाढले काय किंवा घटले काय, कारण कळत नाहीं तें नाहींच. एक गोष्ट बदलावी, ती लिहून ठेवावी, परिणामाची वाट पाहावी आणि जें आढळेल तें आपल्या मताविरुद्ध असलें तरी प्रामाणिकपणें मान्य करावें. विमानाला आपला मान राखावयाचा नसतो. तें जसें आहे तसेंच उडतें. त्याच्या वहींत आम्हीं सोईस्कर आंकडा लिहिला असता, तर त्याचें उत्तर पुढच्या उतरणीला धांवपट्टीवर मिळालें असतें.