सापडलं नाही? मग सरळ सांग ना!

मॅक्रो अडकला की आपण घाबरतो. पण खरं टेन्शन घ्यायला हवं ते न अडकणाऱ्या मॅक्रोचं!

चार हजार ओळींचं शीट. रिमार्कच्या कॉलममध्ये जिथे जिथे 'रिफंड' शब्द आहे, त्या ओळी वेगळ्या काढायच्या. मॅक्रो तयार आहे. तुम्ही ऐटीत बटण दाबता आणि स्क्रीनवर बॉक्स टपकतो, 'रन-टाइम एरर १००४'. झालं, डोक्याला शॉट!

थांबा मंडळी. अशा वेळी या एररचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की त्या ओळीत तो शब्द नाही. एक्सेलचा 'सर्च' फॉर्म्युला शब्द सापडला तर तो कितव्या अक्षरापासून सुरू होतो ते सांगतो. नाही सापडला, तर सेलमध्ये '#व्हॅल्यू!' दाखवून मोकळा होतो. शीटवर हे चालून जातं. पण तोच सर्च मॅक्रोमध्ये 'वर्कशीटफंक्शन' लावून बोलावलात, की शब्द नसलेल्या पहिल्याच ओळीवर गाडी बंद!

थोडक्यात, न सापडणं ही चूक नाही, ते उत्तर आहे. गोची एवढीच, की प्रत्येक फंक्शन 'नाही' हे आपापल्या स्टाइलने सांगतं.

कोण कसं 'नाही' म्हणतं?

ॲप्लिकेशन.सर्च : मधला 'वर्कशीटफंक्शन' शब्द गाळलात, तर मॅक्रो थांबत नाही, एरर ही व्हॅल्यू म्हणून हातात देतो. ती 'व्हेरिएंट'मध्ये घ्या आणि 'इझएरर'ने तपासा. 'लाँग'मध्ये घेतलीत तर एरर १३, म्हणजे 'टाइप मिसमॅच', ठरलेला.

इनस्टर : हे मॅक्रोच्या भाषेचं, म्हणजे व्हीबीएचं घरचं फंक्शन. सापडलं नाही तर गुपचूप शून्य देतं, म्हणून सगळ्यात सोयीचं. पण इंग्रजी शब्दांत ते कॅपिटल आणि स्मॉल वेगळे मानतं. हा भेद नको असेल तर शेवटी 'व्हीबीटेक्स्टकम्पेअर' द्या. मात्र मग सुरुवातीला शोध कितव्या अक्षरापासून, तो आकडाही द्यावाच लागतो.

रेंज.फाइंड : अख्ख्या कॉलममध्ये शोधतं आणि नाही सापडलं तर 'नथिंग' देतं. ते न तपासता थेट ओळीचा नंबर विचारलात की एरर ९१. शिवाय याची मेमरी तगडी! कंट्रोल-एफच्या बॉक्समध्ये मघाशी केलेली सेटिंग्जसुद्धा हे वापरतं. म्हणून 'लुकइन' आणि 'लुकॲट' दर वेळी स्वतः लिहा.

गोड विष

आता अनेकांचा लाडका शॉर्टकट : 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. एका ओळीत सगळे एरर गायब! पण समजा, १७व्या ओळीत 'रिफंड' नवव्या अक्षरावर सापडला. १८व्या ओळीत तो नाहीच. एरर आला, पण दाबला गेला आणि व्हेरिएबलमध्ये जुना ९ तसाच राहिला. मॅक्रोला वाटलं, इथेही सापडला! ज्या ग्राहकाने पैसे परत मागितलेच नाहीत, त्याचं नाव रिफंडच्या यादीत. आणि मेलवर सही तुमची.

गप्प बसलेली शीट काय करू शकते, ते इंग्लंडने २०२० मध्ये पाहिलं. जुन्या एक्सेल फाइलमध्ये मावतील त्यापेक्षा जास्त ओळी आल्या आणि करोनाच्या १५,८४१ केसेस रोजच्या आकड्यांतून राहून गेल्या. कारण वेगळं, पण शांतता तीच.

दिसतोय, तरी सापडत नाही?

'रिफंड पेंडिंग' समोर दिसतंय आणि मॅक्रो नाही म्हणतोय? डेटा वेबसाइटवरून कॉपी केलेला असेल तर मधली स्पेस तपासा. ती बहुतेकदा १६० नंबरचं कॅरेक्टर असते. दिसायला साध्या स्पेससारखी, पण 'ट्रिम'लाही दाद न देणारी. आधी 'रिप्लेस' वापरून तिच्या जागी साधी स्पेस आणा.

आणि शेवटचा फंडा. रिपोर्ट पाठवण्याआधी शीटवर एक 'काउंटइफ' लावा, शोधायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार देऊन. ते कॅपिटल-स्मॉल बघत नाही, शब्द असलेले सेल सरळ मोजतं. तो आकडा आणि मॅक्रोचा आकडा जुळला, तर बिनधास्त सेंड करा. नाही जुळला, तरी हरकत नाही. निदान बॉसच्या आधी तुम्हाला कळलं!