सरांच्या ११२ गोष्टी

पनवेलहून लोकल पकडली की बसायला जागा मिळते, गाडी इथूनच सुटते. महिलांच्या डब्यात समोर बसलेल्या बाई फोनवर दबक्या आवाजात सांगत होत्या, "गोळी नाश्त्यानंतर द्या. आधी दिलीत तर अकरापर्यंत चिडचिड होते, आणि अकराला बँकवाले यायचेत." घरी आजारी वडील असतील असं मला वाटलं. फोन ठेवल्यावर बोलणं निघालं, तेव्हा कळलं की गोळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याची होती आणि फोनवर पलीकडे त्याचा स्वयंपाकी होता. बाई त्या अधिकाऱ्याच्या पीए.

"सरांच्या ११२ गोष्टी मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "मोजल्यात मी."

मोजायची वेळ कंपनीने आणली होती. मेल वाचणारा, उत्तरं लिहिणारा, बैठका लावणारा संगणकी सहायक सरांसाठी घेतला जाणार आहे. त्याला सर कळावेत म्हणून ताईंना एक कोरा तक्ता दिलाय: 'सवयी व प्राधान्ये'. माहीत असेल ते सगळं भरा. मालकाचा दिवसच नव्हे, मन सांभाळणारी माणसं पुढे हवी असतील की नकोत, हे ठरायच्या आतच त्यांच्याकडून ते लिहून घेतलं जातंय. मला हे बघायचं होतं.

ताई घरून काम करतात त्या दिवशी मी खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, दोन मोबाइल आणि आलेपाकाचा डबा. डबा सरांसाठी. भाषणाआधी सरांचा घसा बसतो आणि औषधाच्या दुकानातल्या गोळ्या त्यांना चालत नाहीत. दर पंधरवड्याला ताई आलेपाक करतात. त्यांची पर्स, फाइल, ओढणी, सगळ्याला आल्याचा वास येतो. माझ्या वहीलाही तो लागला.

कामाचा ठरलेला भाग लवकर आटपतो: कॅलेंडर, तिकिटं, गाडी, बिलं. खरं काम नऊ वाजता सरांचा पहिला फोन आला तेव्हा सुरू झालं. बोलणं अर्ध्या मिनिटाचं. फोन ठेवून ताईंनी दुपारची एक बैठक उद्यावर ढकलली.

"त्यांनी सांगितलं?"

"नाही हो. आज 'बोला' म्हणाले नाहीत, नुसतं 'हं' केलं. 'हं'च्या दिवशी पगारवाढीचा विषय आत न्यायचा नसतो. माणसं हात हलवत परत येतात."

ही तक्त्यातली ३८ वी ओळ. बाकीच्याही अशाच. कोणत्या संचालकाला कोणाशेजारी बसवायचं नाही. आईचा फोन आला तर बैठकीतही चिठ्ठी आत पाठवायची, भावाचा आला तर नाही. विमानात उजव्या बाजूची खुर्ची, कारण उजव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि हे कुणाला कळता कामा नये. बायकोच्या वाढदिवसाची साडी ताई निवडतात. ती सरांनी निवडली असं बायकोला वाटतं, निदान ती तसं दाखवते.

ताई इंग्रजी लघुलेखनाची शंभरच्या वेगाची परीक्षा पास होऊन या धंद्यात आल्या. तेव्हा साहेब सांगायचे आणि त्या उतरवून घ्यायच्या. आता कुणी काही सांगत नाही. न सांगितलेलं उतरवायचं, हेच काम.

हे काम आपल्याकडे जुनं आहे. बाळाजी आवजी चिटणीसांची आख्यायिका शाळेतच ऐकलेली असते: शिवाजी महाराजांनी पत्र वाचायला सांगितलं, लिहायचं राहून गेलेलं, तर त्यांनी कोरा कागद हातात धरून घडाघडा वाचून दाखवलं. धन्याची भाषा इतकी अंगात मुरलेली. आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो आणि पुढची गाळतो. १६८१ मध्ये संभाजीराजांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून याच बाळाजींना हत्तीच्या पायी दिलं गेलं, आणि तरीही त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ त्याच गादीची चाकरी करत राहिला. आतलं सगळं ठाऊक असलेल्या माणसाची किंमत आणि धोका एकाच जागी असतात.

ताईही कोऱ्या कागदावरून वाचतात. कंपनीत कुणाच्या घरी मृत्यू झाला की सरांच्या सहीचं मराठी पत्र जातं, ते ताईंचं असतं. साधं, नेमकं, गेलेल्या माणसाबद्दल एखादी खरी गोष्ट विचारून घेऊन लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वी ताईंच्या सासूबाई गेल्या. त्या रजेवर असताना घरी सरांचं पत्र आलं. बदलीवर बसलेल्या मुलीने जुन्या फाइलमधून काढून, नाव बदलून पाठवलं होतं. दुसरा परिच्छेद ताईंनी तळोजाच्या कारखान्यातल्या एका ऑपरेटरच्या बायकोसाठी लिहिला होता.

"मग?"

"मग काय. शुद्धलेखन बरोबर होतं."

त्या चहा ठेवायला उठल्या. मी वहीत काहीच लिहिलं नाही. त्यांच्या घरातलं दुसरं काही आठवायला गेले तरी ते पत्रच आधी आठवतं.

सर वाईट नाहीत, असं ताई पुन्हापुन्हा सांगतात, आणि मला ते पटतं. ताईंच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी त्यांनी फोन केला होता. पण ताई राहतात कुठे, हे त्यांना अलीकडेपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली आणि सरांना एकदम आठवलं, अरे, या तर इकडच्याच. तेव्हापासून विसरलेली फाइल, राहिलेला चार्जर, सहीचे कागद रात्री दहालाही ताईंनीच विमानतळावर पोचवायचे. "तुम्हाला जवळच आहे ना." पनवेलकरांच्या पदरात विमानतळाने काय टाकलं, याच्या हिशेबात हेही धरावं.

या दहा वाजण्याला कायदा आडवा येत नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा कामाच्या तासांना मर्यादा घालतो, पण व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना त्यातून वगळतो. म्हणजे विश्वास जितका जास्त, तितकं संरक्षण कमी. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशा अर्थाचं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

आता त्या ११२ गोष्टींचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने पाहिलं तर ही माहिती सरांची, तिचं रक्षण व्हायला हवं, आणि ते योग्यच आहे. पण 'हं' आणि 'बोला' यांतला फरक सरांनी ताईंना दिलेला नाही. तो ताईंनी वर्षानुवर्षं कान देऊन मिळवलाय. तक्त्यात गेला की तो कंपनीचा होतो, उद्या तो कुणालाही वापरता येतो, आणि त्याबद्दल ताईंना मिळणार आहे फक्त तक्ता भरल्याची पोच. यंत्र आलं तर येऊ दे. तिकिटं आणि कॅलेंडर त्याने खुशाल सांभाळावं. ताईंच्या कानाने मिळवलेलं फुकटात उचलणं मात्र मला साफ नामंजूर आहे.

तक्त्याच्या ७० ओळी भरून झाल्यात. या माहितीचा मोबदला काय, आणि यंत्र बसल्यावर ताईंची जागा कोणती, हे कंपनीने दोन ओळींत लेखी द्यावं. ते मिळेपर्यंत ताईंनी उरलेल्या ४२ ओळी भरू नयेत. मी त्यांना तसं सांगितलंय, आणि असा कोरा तक्ता ज्यांच्या ज्यांच्या हातात आलाय त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.