टॅपेटचा आवाज थांबला तर?

काही दिवसांपूर्वी आम्ही तिघे-चौघे मित्र एका जुन्या ॲम्बॅसडरचे इंजिन उघडून बसलो होतो. गाडीचे मालक सांगत होते, "पूर्वी टॅपेट टकटक वाजायचे. हल्ली आवाज बंद झालाय, पण गाडी चढावर ओढत नाही." मिस्त्रींनी हेड उतरवले आणि एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आमच्या हातात ठेवला. त्याची कड जळून तिला खाच पडली होती. आवाज थांबणे हे दुखण्याचे लक्षण होते. असे का व्हावे?

व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांड्याची, छत्रीसारख्या डोक्याची झडप. या १४८९ घनसेंमी इंजिनात असे आठ व्हॉल्व्ह असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. जळालेले वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरूनच बाहेर पडतात. त्याचे डोके ७०० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही अधिक तापते. मग तो थंड कसा होतो? मिटल्यावर तो हेडमधल्या सीटवर घट्ट टेकतो आणि त्याची बरीचशी उष्णता सीटमार्गे हेडला व तेथून पाण्याला मिळते. टेकायला मिळणे हीच त्याची विश्रांती!

तापल्यावर दांडा लांबतो. १०० मिलिमीटर लांबीच्या पोलादी दांड्याचे तापमान सरासरी ३०० अंशांनी वाढले, तर तो सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. आजूबाजूचे भागही प्रसरण पावतात; तरी दांड्याच्या टोकापाशी थोडी फट ठेवावीच लागते. टॅपेटची टकटक या फटीमुळेच होते.

आता शिशाकडे वळू. १९२१ साली टॉमस मिजली यांना आढळले, की टेट्राइथाइल लेड मिसळल्यास पेट्रोल इंजिनात ठोके देत नाही. त्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसे आणि तिची झीज रोखी. पण धुरातले शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात शेवटी, २०२१ साली, ते अल्जीरियात थांबले. निर्णय योग्यच होता. जुन्या इंजिनांची ढाल मात्र गेली.

या इंजिनात सीट वेगळी नसते, हेडच्या बिडातच कापलेली असते. लांबच्या प्रवासात, जास्त वेगात तापलेले व्हॉल्व्ह आणि सीट सूक्ष्म ठिकाणी एकमेकांना चिकटतात आणि उघडताना बिडाचे कण उपटले जातात. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि दांड्याचे टोक तेवढेच वर येते. एरवी झिजेने फट वाढते. येथे ती कमी होते! आवाज थांबतो. पुढे व्हॉल्व्ह पुरता टेकतच नाही, उष्णतेची वाट तुटते आणि कड जळते.

नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही. आधी गाईड तपासून झिजलेले बदलावे लागतात, कारण सीट कापण्याचे हत्यार गाईडच्या आधारानेच फिरते. मग जुनी सीट कोरून तेथे कठीण मिश्रधातूची कडी बसवतात. कडी छिद्रापेक्षा किंचित मोठी असते. ३५ मिलिमीटर व्यासाचे बिडाचे छिद्र १५० अंशांनी तापवले, की सुमारे ०.०६ मिलिमीटरने रुंदावते. तापलेल्या हेडमध्ये कडी बसते आणि निवल्यावर जखडली जाते. नंतर सीट बहुधा ४५ अंशांत कापून नव्या व्हॉल्व्हशी जुळवतात. शेवटी मिटलेल्या व्हॉल्व्हवर पोर्टमध्ये रॉकेल ओततात. ते पाझरले नाही, तर काम चोख.

वर्गात एक प्रयोग करता येईल. गॅरेजमधून टाकाऊ व्हॉल्व्ह आणून त्यांच्या डोक्यांना चुंबक लावून पाहा. इनटेक व्हॉल्व्हला तो सहसा चिकटतो; पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असलेल्या पोलादाचा असेल, तर जवळजवळ चिकटत नाही. दोन्ही लोखंडाचेच, मग असे का? विद्यार्थ्यांना उत्तर शोधू द्या.