वारीत आजी पाणी का पीत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. आजचा विषय ऐकून काही जण हसतील, काही जण हेडफोन शोधतील. विषय आहे लघवी आणि संडास. तेही आजी-आजोबांचं, आणि तेही पायी वारीतलं.

यंदा तुमच्यापैकी कितीतरी जण एखाद-दोन दिवस तरी वारीत चालणार. सोबत घरातलं कुणी साठी-सत्तरीचं असेल, तर एक गोष्ट लक्ष देऊन बघा. वाटेत जागोजागी पाणी वाटतात, आजी हात जोडून पुढे जाते. बाटली पुढे केली की घोटभर घेते आणि परत देते. "तहान नाही रे" म्हणते. थोडं खरं असतं ते, कारण वय वाढलं की तहानेची जाणीव खरोखरच मंदावते. पण बऱ्याचदा मनात दुसरंच चाललेलं असतं. पाणी प्यायलं की जावं लागणार. जायचं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर आज शोधूया. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: पाणी तोडून हा प्रश्न सुटत नाही, उलट अंगावर येतो. तो सुटतो थांबे आधी ठरवून. आणि ते ठरवायचं काम फोन हातात असलेल्या नातवंडांचं आहे.

आधी शरीराचं गणित

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलीलीटर लघवी मावते. तरुणपणी भावना झाली तरी तास-दीड तास सहज निघून जातो. उतारवयात मूत्राशय तितकं ताणलं जात नाही, भावना लवकर होते आणि झाली की थांबायला वेळ देत नाही. बायकांमध्ये बाळंतपणं आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांमुळे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. मग खोकलं, शिंकलं किंवा घाट उतरला की थेंब सुटतात. पुरुषांमध्ये प्रोस्टेटची गाठ वाढते. धार बारीक होते, पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, आणि अर्ध्या तासात पुन्हा जावं लागतं.

त्यात गोळ्यांची भर. ब्लडप्रेशरच्या किंवा पायावरच्या सुजेच्या काही गोळ्या मुद्दाम लघवी वाढवणाऱ्याच असतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते, आणि साखर ताब्यात नसेल तर वाढतेच वाढते.

आता यावर उपाय म्हणून पाणी कमी केलं तर काय होतं? लघवी घट्ट, गडद होते. घट्ट लघवी मूत्राशयाला चरचरते, त्यामुळे भावना उलट जास्त वेळा होते. जंतुसंसर्गाला वाव मिळतो. पोट साफ होत नाही, आणि आतड्यात साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो, म्हणजे पुन्हा तेच. वर उकाड्यात चालताना रक्तदाब उतरून चक्कर येते. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडायची भीती. म्हणजे लाजेपायी सोडलेलं पाणी थेट दवाखान्यात नेऊ शकतं.

वाट कशी आहे, ते बघा

आळंदी ते पंढरपूर ही वाट साधारण २५० किलोमीटरची, चालायला जवळजवळ तीन आठवडे. मुक्कामाच्या गावांत अलीकडे ओळीने तयार संडास उभे केलेले दिसतात, ती मोठीच सोय झाली. पण तिथेही पहाटे रांग असते, पायरी उंच असते, आतलं भांडं भारतीय पद्धतीचं असतं. गुडघे गेलेल्या माणसाला बसता आलं तरी उठता येत नाही.

खरी अडचण दोन मुक्कामांच्या मधल्या रस्त्यावर होते. आषाढाच्या तोंडाला पेरणी नुकतीच झालेली असते, पीक वीतभर. आडोसा कुठला? जिथे ऊस उभा आहे तिथे आडोसा आहे, पण पावसाळ्यात उसात पाय घालणं म्हणजे विंचू-सापाला आमंत्रण. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि मोकळे होतात. बायका पुढचं गाव येईपर्यंत कळ दाबून चालतात.

माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा घ्या. सुमारे ३० किलोमीटर, सगळ्या वाटेतला सर्वांत लांब टप्पा. त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा आणि चहा. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मध्ये माणसांचा पूर. तिथे "मला जायचंय" म्हणून काही उपयोग नाही. म्हणून घाट चढायच्या आधी वडकीलाच मोकळं होऊन घ्यायचं, भावना असो वा नसो.

हाच आजचा मुख्य नियम. लागल्यावर जायचं नाही, वेळेवर जायचं. दर दोन ते अडीच तासांनी. वारीच्या चालीने तेवढ्या वेळात सहा-सात किलोमीटर होतात. म्हणजे आदल्या रात्री फोनवर नकाशा उघडून दर सहा-सात किलोमीटरला एक जागा शोधून ठेवायची: पेट्रोल पंप, एसटी स्टँड, शाळा, मंगल कार्यालय, मोठं हॉटेल. पिन टाका आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण गर्दीत नेटवर्क दगा देतं. काहीच सापडलं नाही तर सरळ एखाद्या घरी विचारा. "माउली, आजींना जरा आत जाऊ द्याल का?" वारीच्या वाटेवरच्या गावांत याला नाही म्हणणारं घर विरळा.

पाणी किती, कधी

एकदम गटागटा तांब्याभर पाणी प्यायलं की ते तासाभरात बाहेर यायला बघतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-चार घोट घेतले तर शरीर ते नीट वापरतं. पुरेसं झालं का, हे रंगावरून कळतं. फिकट पिवळी लघवी म्हणजे ठीक. गडद पिवळी, उग्र वासाची म्हणजे पाणी वाढवा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर वारीत किती प्यायचं हे निघण्याआधी त्यांनाच विचारा.

चहाचं तेवढं जपा. वाटेत दर शंभर पावलांवर कुणी ना कुणी प्रेमाने कप पुढे करतं. चहा मूत्राशयाला डिवचतो. सकाळी एक, दुपारी एक, बाकीच्यांना नमस्कार. रात्री झोपायच्या दोन-तीन तास आधीपासून पाणीही कमी करायचं.

लघवीच्या गोळीचं काय? मनाने बंद करायची नाही, हे पहिलं. तिचा जोर पहिल्या काही तासांत असतो, म्हणून वेळ पुढे-मागे करता येईल का, ते डॉक्टर सांगतील. निघायच्या महिनाभर आधी हा एक प्रश्न विचारून घ्या.

आणि आजोबांसाठी एक धोक्याची सूचना. पावसात भिजलं की सर्दी होते आणि कुणीतरी खिशातली गोळी काढून देतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या-सिरपांमध्ये अशी औषधं असतात, की प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी एकदम अडकू शकते. पोट तट्ट फुगतं, थेंबही येत नाही. ही तातडीची वेळ आहे, नळी घालूनच सुटका होते. प्रोस्टेट आहे हे सांगितल्याशिवाय सर्दीची गोळी घ्यायची नाही.

दोन नंबरचं

गावाकडे अजूनही "परसाकडे जाऊन येतो" म्हणतात. वारीत हे वेळापत्रक पार कोलमडतं. पहाटे निघायची घाई, अनोळखी जागा, बाहेर रांगेतल्यांच्या हाका. एक-दोन दिवस दाबून ठेवलं की मळ खडा होतो.

शरीराची एक सवय कामाला येते. पोटात गरम काही गेलं की वीस-तीस मिनिटांत आतडी हलतात. म्हणून दिंडी हलायच्या तासभर आधी उठायचं, गरम पाणी प्यायचं आणि मग रांगेत लागायचं. इसबगोल घेत असाल तर सोबत भरपूर पाणी हवं, नाहीतर तेच अडकून बसतं. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट करून चालत नाही.

गुडघ्यांसाठी घडीची कमोड खुर्ची मेडिकलवाल्याकडे मिळते. दिंडीचा सामान वाहणारा ट्रक असतोच, त्यात ती सहज मावते. कापडी आडोसा लावला की झालं. अगदी शेतातच जायची वेळ आली, तर विहीर, ओढा, कॅनॉल यांपासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खड्डा करून, वर माती ओढून. पेरलेल्या सरीत बसायचं नाही. ज्याच्या रानात आपण बसतो, त्याची वर्षभराची भाकरी तिथे उगवणार आहे.

पिशवीत काय हवं

कमरेला लावायची एक छोटी पिशवी पुरे. त्यात साबणाचे कागद, टिश्यू, लहान टॉवेल, एक जादा आतला कपडा, जुने वर्तमानपत्र आणि दोन-तीन घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या. थेंब सुटत असतील तर लघवीसाठीचेच पॅड घ्या. पाळीचे पॅड पातळ लघवी तेवढ्या वेगाने शोषत नाहीत. मोठ्यांचे डायपर वापरण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ओला झाला की बदलायचा, नाहीतर कातडी सोलवटते. वापरलेला कागदात गुंडाळून मुक्कामाच्या कचरापेटीत टाकायचा, रस्त्याकडेच्या चारीत नाही.

कपड्यांची एक साधी युक्ती: नाडीऐवजी इलॅस्टिक. ओल्या नाडीची गाठ घाईत सुटत नाही, आणि तेवढ्या दहा सेकंदांत घोटाळा होतो. बायकांना उभ्याने लघवी करता येईल असं नरसाळ्यासारखं साधन मिळतं. पण आजीला ते घरी न्हाणीघरात चार-पाच वेळा वापरू द्या. पहिला प्रयोग रस्त्यावर नको.

रात्रीचं

सगळ्यांत जास्त पडझड रात्री होते. अंधार, चिखल, तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या, आणि झोपेतून घाईने उठलेलं माणूस. आजी-आजोबांची जागा तंबूच्या दाराशी ठेवा. गळ्यात बॅटरी अडकवा. उशाशी झाकणाचं युरिन पॉट ठेवा, म्हणजे बाहेर जायचंच नाही. उठताना आधी मिनिटभर बसायचं आणि मग उभं राहायचं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी एकदम उठलं की चक्कर येते.

दिवसभर चालून पायांवर सूज येते. ते पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवी बनतं. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर अर्धा-पाऊण तास पाय उशीवर उंच ठेवून पडलं, तर त्यातलं बरंचसं झोपायच्या आधीच निघून जातं.

तयारी गुढीपाडव्यापासून

ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम असतो. वायू अडवताना जो भाग आवळतो, तोच आत ओढायचा, पाच मोजायचे, सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला तीनेक महिने लागतात. माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे गुढीपाडव्याला सुरुवात केली तर पावणेतीन महिने हातात मिळतात. हाच व्यायाम वाटेतही उपयोगी पडतो. एकदम जोराची भावना झाली की धावायचं नाही. जागेवर थांबायचं, चार-पाच वेळा पटापट आवळायचं, लाट ओसरली की शांतपणे जायचं.

कधी थांबून दवाखाना गाठायचा

लघवीतून रक्त. थंडी वाजून ताप. सहा-आठ तासांत लघवीच नाही आणि ओटीपोट दुखतंय. कंबरदुखी, पायांतली ताकद गेली आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला. आणि एक सहज निसटणारं लक्षण: आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली, कुठे आहोत ते कळेना. म्हातारपणी लघवीचा संसर्ग किंवा पाण्याची कमतरता अशीही दिसते. "दमलीय" म्हणून झोपवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या वैद्यकीय पथकाकडे न्या.

आता, बोलायचं कसं?

इथेच सगळं अडतं. नातवाने चारचौघांत "आजी, शू लागली का?" विचारलं तर आजी मेली तरी हो म्हणणार नाही. त्यापेक्षा स्वतःचं निमित्त काढा. "मला जायचंय, तूही चल, पुढे दोन तास काही नाही." थांबा सगळ्यांचा झाला की एकटीची लाज उरत नाही. आजोबांना "जरा पाय मोकळे करू, आजोबा" एवढं पुरतं. मुलगा असाल आणि आजी संकोचत असेल, तर दिंडीतल्या एखाद्या काकूंना सांगून ठेवा. दोघीतिघी मिळून शाल धरतात, कुणी काही बोलत नाही.

शिर्डीची पदयात्रा असो, नर्मदा परिक्रमा असो, नाहीतर गावातल्या देवाची पायी यात्रा, हिशोब हाच. कितीतरी आज्या "आता माझ्याच्याने होत नाही" म्हणून वारी सोडतात, आणि घरच्यांना वाटतं गुडघे दुखतात. एकदा हळूच विचारून बघा, खरं कारण गुडघेच आहेत का. कदाचित दर सहा किलोमीटरला एक दार उघडं मिळालं, तर ती यंदाही चालेल.

हा भाग तुमच्या घरच्या ग्रुपवर पाठवा. लाज वाटली तर "पहिल्या पाच मिनिटांनंतर ऐका" असं लिहून पाठवा, पण पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!